दाराची पुढची बाजू

आमच्या दुकानाचं जुनं दार पाण्यावर तरंगायचं, आणि त्या दारावर पुढं कोण बसणार यावरून माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं. म्हणजे भांडण माझ्या बाजूनं. बाकीच्यांना ते चालू आहे हे जवळजवळ सहा महिने कळलंच नाही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बंगळूरच्या शिवाजीनगरात लॉऱ्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. दुकानाला लोखंडी शटर बसवलं तेव्हा आधीचं सागवानी दार मोकळं झालं. आईला त्याचं जेवणाचं टेबल करून हवं होतं. अप्पांनी ते एका ओळखीच्या टेम्पोत घातलं आणि देवनहळ्ळीच्या अलीकडच्या एका तळ्यावर नेलं. खाली लॉरीच्या टायरच्या दोन ट्यूबा फुगवून दोरीनं आवळल्या, आणि त्यावर बसून ते मासे धरायला लागले. पुढं कितीतरी वर्षं रविवारी आम्ही घरी आलो की आई दारातच विचारायची, "आलात का माझ्या टेबलावर बसून?"

आम्ही म्हणजे अप्पा आणि मी. आमची अक्का, माझी मोठी बहीण, एकदाच आली होती. तिच्या सलवारला चिखल लागला आणि तिनं पाण्याचं नावच टाकलं. मी मात्र कॉलेजात असल्यापासून जायची आणि नोकरी लागल्यावरही जात राहिले. शिवाजीनगरच्या स्टँडवरून पहाटेची पहिली बस, पायाशी हवा भरायचा पंप आणि ओलं गोणपाट. तळ्याकाठी पपनसांची एक बाग होती. दार आणि ट्यूबा तिथल्या शेडमध्ये ठेवायचो, आणि परत निघताना बागवाल्याला एक मासा द्यायचो. आता तिथं बाग नाही, प्लॉट पाडून सगळा लेआउट झालाय. पण तेव्हा त्या बाजूला विमानतळाचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं आणि तळ्यात पाणी असायचं.

तळ्याच्या बांधापासून धोंड्यांची एक लांब रांग पाण्यात आत गेली होती. तिच्या टोकाला दोन उंच दगडी खांब होते. त्यांच्यामध्ये तूब, म्हणजे तळ्याचं पाणी खालच्या शेतात सोडायचं जुनं दार. धोंडे एकमेकांवर टाकलेले, खाली सगळ्या पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांत मरळ. काळी, जाड, सापासारख्या डोक्याची आणि चवीला अशी की बोलायची सोय नाही. धोंड्यांवर उभं राहून गळ टाकला तर तो नेमका फटीत अडकायचा. म्हणून पाण्याच्या बाजूनं यायचं, धोंड्यांकडे तोंड करून बिळाच्या अगदी समोर थांबायचं आणि गळ हळूच तोंडाशी सोडायचा. त्यासाठी ते दार होतं.

दारावर दोन माणसं मावायची. पुढं बसायचा तो गळवाला आणि मागं गुडघ्यावर बसायचा तो वल्हंवाला. मागं मी.

मागचं काम सांगायला सोपं आहे. दार हलू द्यायचं नाही. उघड्या पाण्यावरून वारा यायचा आणि दाराला धोंड्यांकडे ढकलायचा. फार जवळ गेलं तर दाराची सावली बिळावर पडायची आणि मासा आत सरकायचा; लांब राहिलं तर गळ पोचायचा नाही. मधली जेमतेम हातभर जागा होती, त्यात दार धरून ठेवायचं, आणि तेही वल्हं पाण्याबाहेर न काढता. वर काढलं की पाणी ठिबकतं, ठिबकलं की मासा गेला. पाण्याच्या आतच मनगटानं वल्हं फिरवत राहायचं. अप्पा मागं वळून बघायचे नाहीत, नुसते पुटपुटायचे, "मेल्लगे, मेल्लगे. स्वल्प मागं घे. सरी. आता धर." मेल्लगे म्हणजे हळू, सरी म्हणजे ठीक; आमच्या घरातली मराठी अशीच कन्नड मिसळलेली आहे. पूर्वज महाराष्ट्र सोडून इकडे आले त्याला तीनशे वर्षं झाली, वाटेत मिळालं ते उचलत आलो.

इतकी वर्षं मी धरलं. कौतुकासाठी नाही, कारण कौतुक अप्पांच्या तोंडातून कधी निघायचंच नाही. मी धरलं ते एका वाक्यासाठी. एकदा परत येताना बसमध्ये गुडघे चोळत अप्पा म्हणाले होते, "हे गुडघे गेले की पुढं तू बसायचं."

लेकीनं बापाचे गुडघे जायची वाट बघू नये, हे मलाही कळतं. पण मी बघत होते. ते जिना उतरताना कठडा धरायला लागले तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याच रविवारी घरी येऊन मी खालच्या खोक्यातला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, काढून नव्या गळाची गाठ मारून बघितली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि गुडघे गेले. ज्या पावसाळ्यात डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं बंद करायला सांगितलं, त्याच पावसाळ्याच्या आधी अक्काचं लग्न झालं होतं.

भावोजी पुण्याचे. त्या वर्षांत पुण्या-मुंबईची पोरं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी बंगळूरला यायला लागली होती, त्यातलेच एक. अक्काच्या ऑफिसात ओळख झाली. मुलगा मराठी, म्हणून घरात कुणी हू की चू केलं नाही. उलट अप्पा हरखूनच गेले. खऱ्या महाराष्ट्रातला, खरी मराठी बोलणारा जावई! ते आले की अप्पा आपल्या मराठीला इस्त्री करायचे. एरवी "हिकडं बा" म्हणणारा माणूस "इकडे या ना, असे बसा" म्हणायला लागला. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

एका रविवारी संध्याकाळी चहा घेताना अप्पांनी दाराची आणि मरळीची गोष्ट भावोजींना रंगवून सांगितली. भावोजी म्हणाले, "वा! मस्तच की! एकदा आलंच पाहिजे हो तुमच्याबरोबर."

अप्पांनी कप खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय, अगदी नक्की!"

आता मला माहीत आहे की पुण्यात हे वाक्य विषय मिटवण्यासाठी असतं. 'एकदा आलंच पाहिजे' याचा अर्थ 'छान, आता दुसरं काही बोलू या.' ते बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. पण आम्ही तीनशे वर्षं बाहेर! आमच्याकडे येतो म्हणणारा माणूस येतो, आणि तसं जावयानं म्हटलं तर त्याला आणायला जावं लागतं. तेही लग्नाच्या पहिल्या वर्षात, जेव्हा जावयानं तोंडानं मागितलेली वस्तू नाही म्हणायची नसते.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आधी अप्पा रिक्षा करून अक्काच्या घरी गेले आणि भावोजींना घेऊन स्टँडवर आले. भावोजी इस्त्रीच्या पँटमध्ये, डोळ्यांवर झोप. मला वाटलं, पाहुणा आहे, बांधावर बसेल, बघेल, पपनस खाईल आणि जाईल. माझ्या पिशवीत माझा गळ होता. अप्पांना आता दारावर बसता येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. म्हणजे तो दिवस माझा होता.

ट्यूबा फुगवून झाल्या. अप्पांनी गळाची काठी हातात घेतली. ती त्यांनी स्वतः बांबू तासून केली होती आणि मुठीला सीटचं उरलेलं लाल रेक्झिन शिवलं होतं. मी हात पुढं केला. काठी माझ्या हातावरून पलीकडे गेली.

"जावईबापू, तुम्ही पुढं." आणि मला म्हणाले, "तू धर. तुला माहीतच आहे."

भावोजींना पोहता येत नाही असं कळल्यावर अप्पांनी शेडमधून स्कूटरची एक ट्यूब शोधून काढली आणि आपल्या हातानं त्यांच्या कमरेला बसवली. एवढ्या वर्षांत मला कुणी ट्यूब दिली नव्हती. मला पोहता येत होतं हे खरं, पण निदान विचारावं!

अप्पा धोंड्यांवरून चालत खांबांपर्यंत गेले आणि तिथं बसून सूचना द्यायला लागले. मी दार बिळासमोर नेलं आणि धरलं. भावोजींनी गळ टाकला, म्हणजे तो त्यांच्या हातून पडला. आणि पडला तो थेट बिळाच्या तोंडाशी. बुचाचा तुकडा एकदा डुचमळला आणि खाली गेला.

"ओढा!" अप्पा ओरडले. भावोजीही ओरडले, पण भीतीनं. काठी सोडून देणार तेवढ्यात मी दार सर्रकन मागं घेतलं, तंगूस आपोआप ताणला गेला आणि मरळ बाहेर आली. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. अप्पा दुखऱ्या गुडघ्यांनिशी धोंड्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"बघितलंस? पहिल्याच फेकीत! हाताला गुण लागतो बा!"

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ती मला खरोखरच्या बिळासमोर बसून बघायला मिळाली.

घरी आईनं औक्षण करायचंच काय ते बाकी ठेवलं. आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या गळाला मासा लागला त्याच्या पानात माशाचं डोकं. इतकी वर्षं ते अप्पांच्या पानात जायचं आणि मी ते उद्या आपल्या पानात येईल म्हणून बघायची. पण भावोजी मासे खातच नव्हते! त्यांच्या घरी मासा फक्त शोभेच्या टाकीत. आईनं त्यांच्यासाठी वेगळं पिठलं टाकलं. आता डोकं कुणाला? मला वाटलं, दार मागं घेतलं ते मी, निदान आता तरी. अप्पांनी विचार केला आणि ते जेवायला आलेल्या अक्काच्या पानात वाढलं, नवऱ्याच्या वतीनं. जिनं सलवारला चिखल लागला म्हणून पाण्याचं नाव टाकलं होतं, तिनं मरळीचं डोकं मिटक्या मारत खाल्लं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताटावरून उठले आणि ताक प्यायले.

एकदा झालं असतं तर मी गिळलं असतं. पण मासा मिळाला होता! आता अप्पांची खात्रीच झाली की जावयाला नाद लागला. दर रविवारी ते पहाटे रिक्षा करून जायचे आणि भावोजींना उचलून आणायचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती मरळ सांगून झाली. प्रत्येक वेळी ती थोडी लांब व्हायची आणि मी थोडी आखूड. शेवटी शेवटी तर दारावर भावोजी एकटेच होते.

मी जळत होते. दुसरा शब्द शोधायची गरज नाही. त्यांच्या पाठीवर माझे डोळे असायचे आणि त्या पाठीचा मला राग यायचा. अप्पांनी त्यांना आपली टोपी दिली, तिचाही. थर्मासमधला पहिला चहा त्यांना, दुसरा अप्पांना, आणि तळाचा गाळ मला. गळ धोंड्यात अडकला की अप्पा म्हणायचे, "असू द्या, असू द्या, दगडच वाईट आहेत." मी कॉलेजात असताना एकदा धोंड्यांवरून टाकून अडकवला होता तेव्हा हेच दगड चांगले होते आणि माझं लक्ष वाईट होतं.

माझ्या मनात आलं नाही असं नाही. एका रविवारी ठरवलं, आज दार धरायचंच नाही. जाऊ दे वाऱ्यावर, पडू दे सावली बिळावर, मग बघू जावयाचा गुण. वारा आला. मी मनगट ढिलं सोडलं. दार वीतभर सरकलं, आणि माझं मनगट माझं न ऐकता फिरलं. दार परत जागेवर. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मला वाईट धरता येतच नव्हतं. या गोष्टीची मला इतकी चीड आली की मी पाण्यात थुंकले. भावोजी दचकून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "चिलट गेलं तोंडात."

शेवटी मी अक्काकडे गेले. म्हटलं, "अक्का, तुझ्या नवऱ्यानं माझी जागा घेतलीय." ती केस विंचरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात? तुझं लग्न झालं की अप्पा तुझ्या नवऱ्यालाही बसवतील की पुढं."

म्हणजे मी लग्न करायचं, आणि जागा मिळणार ती त्याला. मी तिचा कंगवा घेऊन आले. अजून माझ्याकडे आहे.

संक्रांतीनंतरचा एक रविवार. वारा जोराचा होता. एरवी अशा वाऱ्यात आम्ही दार काढलंच नसतं, पण जावई आलेला! मी तुबाजवळ दार धरलं होतं. एक लाट आडवी आली आणि दाराचा कोपरा धोंड्याला खणकन लागला. काही विशेष नाही, तिथं पाणी छातीएवढंच होतं. पण भावोजींनी काठी टाकून दोन्ही हातांनी दाराची कड पकडली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी वल्ह्यानं काठी ओढून घेतली.

ते हळूच म्हणाले, "अप्पांना सांगू नका. मला पाण्याची फार भीती वाटते."

"आज?"

"दर रविवारी. शनिवारी रात्री झोपच लागत नाही."

"मग येता कशाला?"

"अहो, सासरे दारात येऊन उभे राहतात! नाही कसं म्हणायचं? आणि त्यांना केवढी हौस आहे माझ्याबरोबर मासे धरायची. मला तर रविवारी नुसतं झोपायचं असतं हो. एवढं धरून खाता तरी येतं का मला? पिठलं खाऊन खाऊन कंटाळलो."

अप्पा खांबाशी बसले होते. मी तिथूनच ओरडले, "अप्पा! तुम्हाला भावोजींना आणायची हौस आहे का?"

वाऱ्यामुळं त्यांना दोनदा विचारावं लागलं. मग तेही ओरडून म्हणाले, "हौस कसली? त्यांनी तोंडानं मागितलं ना! पहिल्या वर्षात जावयाला नाही म्हणायचं का? मला तर त्या रिक्षेपायी पहाट उजाडायच्या आधी उठावं लागतं!"

भावोजींनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. मी ते आपलं बोलण्यात बोललो होतो."

मी दार काठाला लावलं, अप्पाही धोंड्यांवरून चालत आले. हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. एक घाबरून येत होता आणि एक अर्धवट झोपेत आणत होता, दोघं एकमेकांचा मान राखत होते, आणि त्या मानाखाली चेंगरले कोण, तर मी. मी चिखलात उभी राहून दोघांना सगळं सुनावलं. टोपी, चहा, डोकं, सगळं. बसमधलं ते वाक्यही सांगितलं. म्हटलं, "अप्पा, ती जागा माझी होती. तुम्ही सांगितलं होतं. मला पुढं बसायचंय. नवऱ्याच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं."

भावोजी ट्यूब कमरेला तशीच ठेवून खाली बघत उभे होते. अप्पांना माझं म्हणणं काय आहे तेच आधी कळेना. मग म्हणाले, "तुझी तर ती आहेच की. तुझी कुठं पळून जात होती? पाहुण्याला आधी वाढतात. घरचं माणूस मागनं जेवतं."

"तोवर भांडं रिकामं होतं, अप्पा."

त्यांनी दारावरची काठी उचलली. काठीची मूठ शर्टाला पुसली आणि काठी माझ्या हातात दिली. "सरी. बस पुढं."

आता मागं कोण? अप्पांनी गुडघा वाकवून बघितला, अर्ध्यातच चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यांनी माझा खांदा धरला. तेव्हा भावोजी म्हणाले, "मी धरतो." त्यांच्या मनात भीती होती ती होतीच, पण त्यांना लाजही वाटत होती. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पुढं बरंच काही माफ केलं, अक्काचा कंगवा सोडून.

अप्पा परत खांबाशी गेले आणि मी पुढं बसले. इतकी वर्षं मी तुबाचे खांब अप्पांच्या शर्टाच्या दोन्ही बाजूंनी बघितले होते आणि नंतर भावोजींच्या. मधला भाग मी कधी बघितलाच नव्हता. तिथं धोंड्यांमध्ये एक मोठं, काळं बीळ होतं आणि त्याच्या वरच्या दगडावर ओलं शेवाळ. वारा जरा पडला होता. बिळासमोर पाण्यावर एक गोल उमटला. मरळ श्वास घ्यायला वर आली होती. मी गळ उचलला.

दार फिरलं. बीळ माझ्या उजव्या खांद्यामागं गेलं.

"भावोजी, उजवीकडं!"

त्यांनी वल्हं मारलं. छपाक्. पाणी माझ्या मानेवर आलं आणि दार गरकन फिरून बांधाकडं तोंड करून उभं राहिलं. मी वळून सांगितलं, वल्हं बाहेर काढू नका, आतल्या आत फिरवा. ते म्हणाले, "कसं?" मला सांगता येईना. मी हवेत मनगट फिरवून दाखवलं. त्यांनी तसं केलं, आणि दार तळ्याच्या मध्याकडं निघालं. परत आलो. धोंड्यावर आपटलो. परत लांब गेलो. "मेल्लगे," मी म्हणत होते, "मेल्लगे, स्वल्प मागं घ्या, सरी, आता धरा." शब्द अप्पांचे होते. अप्पांचं ऐकून दार थांबायचं, माझं ऐकून थांबेना.

बऱ्याच खटपटीनंतर एकदा, कसं कोण जाणे, दार बिळासमोर आलं. मी गळ सोडला. बूच डुचमळलं आणि खाली गेलं. ओढ अशी होती की काठी वाकली. मोठी होती, पहिल्या मरळीपेक्षा मोठी. मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी आत्ता दार मागं घ्यावं, सर्रकन, एकदाच. भावोजींनी घाबरून वल्हं पुढं मारलं. दार तंगुसाच्या वर गेलं, तो ट्यूबेखाली अडकला, टणकन तुटला, आणि काठी हलकी झाली.

मी तशीच बसून राहिले. मागून भावोजी "सॉरी, सॉरी हो" म्हणत होते. त्यांचा काही दोष नव्हता, मीही तसं म्हटलं. मग मी खांबाकडं बघितलं. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते, बिळाकडंही बघत नव्हते. ते भावोजींच्या हातातल्या वल्ह्याकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी मान खाली घातली.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं, इथं वाराच कमी आहे."

एवढंच बोलले. माझ्या जन्मात मी त्यांच्याकडून ऐकलेलं कौतुक तेवढंच, आणि ते मी पुढं बसलेली असताना मागच्या जागेबद्दल मिळालं.

मी सहा महिने जावयाचा हेवा केला होता, आणि त्या बिचाऱ्याकडे हेवा करण्यासारखं काहीच नव्हतं. टोपी, चहा, पहिली मरळ, सगळं त्यानं हसत देऊन टाकलं असतं. पुढची जागा आता माझी होती, ती पुढंही माझीच राहिली, आणि मी तिथं अधूनमधून मासे धरलेही. डोकं माझ्या पानात आलं. पण अप्पा पुढं बसायचे तेव्हा त्यांच्या मागं मी असायची. माझ्या मागं मी कधीच नव्हते. त्या दिवसापासून मला हेवा वाटतो तो अप्पांचा.